चौदा नंबरचा चेहरा

‘चौदा नंबर, लिव्हर ॲब्सेस, तिसरा दिवस, ताप उतरलाय, सोनोग्राफी आज.’ शासकीय रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात सकाळच्या राउंडला निवासी डॉक्टर माहिती देतो ती या भाषेत. त्यात त्याचा काही दोष नाही. तीस खाटांच्या वॉर्डात पन्नास रुग्ण, त्यातले काही दोन खाटांच्या मधल्या फरशीवर, आणि राउंड आटोपून ओपीडी गाठायची घाई. नावापेक्षा नंबर जिभेवर लवकर येतो. चौदा नंबर हे सगळे ऐकत पडलेला असतो. इंग्रजी शब्द त्याला कळत नाहीत, पण सहा-सात डॉक्टर आपल्याविषयी बोलले आणि त्यातल्या एकानेही आपल्या तोंडाकडे पाहिले नाही, एवढे त्याला नीट कळते.

या चौदा नंबरचा फोटो मात्र एव्हाना दोन-तीनदा निघालेला असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये नाव बसले, की खाटेवरच्या रुग्णाचा फोटो अपलोड करावा लागतो. शस्त्रक्रिया झाली असेल तर टाक्यांचाही. रुग्ण खरोखर दाखल आहे आणि पोट खरोखर उघडले होते, याचा तो पुरावा. पुरळ, गाठ किंवा जखम जरा वेगळी दिसली, की निवासी डॉक्टरचा मोबाइल खिशातून बाहेर येतो आणि फोटो विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. एखाद्या नेत्याचा वाढदिवस आला, की फळवाटप होते. पाच-सहा जण मिळून एक सफरचंद रुग्णाच्या हाती ठेवतात आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. तो फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतो. छापणारी वर्तमानपत्रेही या बाबतीत नामानिराळी राहू शकत नाहीत.

म्हणजे सरकारी रुग्णालयात रुग्णांच्या फोटोंची टंचाई नाही. योजनेच्या मंजुरीसाठी, विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी आणि पुढाऱ्यांच्या प्रसिद्धीसाठी ते रोज निघतात. ज्याचा फोटो आहे त्याला तो कोणी दाखवत नाही. तो पाहून उपचार करणाऱ्यांना त्या माणसाची काही जास्त ओळख होते, असेही नाही.

चेहऱ्याच्या फोटोने ही ओळख होऊ शकते का? हा प्रश्न तपासला गेला तो डॉक्टर रुग्णाला क्वचितच भेटतो अशा एका शाखेत, म्हणजे रेडिओलॉजीत. सीटी स्कॅन करणारा तंत्रज्ञ वेगळा, वाचणारा डॉक्टर वेगळा, आणि आता तर जिल्ह्याच्या ठिकाणी झालेला स्कॅन दुसऱ्या शहरात बसलेला डॉक्टर वाचतो. त्याच्यापुढे येतात ते काळ्या-पांढऱ्या रंगातले शरीराचे काप, वय, लिंग आणि एक क्रमांक. जेरुसलेमच्या शारे झेडेक रुग्णालयातील येहोनातान टर्नर या तरुण रेडिओलॉजिस्टने तीनशेहून अधिक रुग्णांचे, त्यांच्या परवानगीने, स्कॅनपूर्वी फोटो काढले. संगणकावर स्कॅनची फाइल उघडली की तो चेहराही आपोआप समोर येई. १५ रेडिओलॉजिस्टांनी हे स्कॅन वाचले. फोटोमुळे रुग्णाविषयी जास्त आत्मीयता वाटली, असे त्या सर्वांनी सांगितले.

एवढ्याने कोणाचे लक्ष गेले नसते. आत्मीयता वाटली का, असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर सापडणे कठीण. टर्नर यांनी पुढे जे केले ते महत्त्वाचे. ज्या स्कॅनमध्ये विचारलेल्या तक्रारीपलीकडचे काही सापडले होते, म्हणजे पोटदुखीसाठी स्कॅन केला आणि मूत्रपिंडावर गाठ दिसली अशा प्रकारचे, त्यातले काही त्यांनी तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांना पुन्हा दाखवले, या वेळी फोटोविना. पहिल्या वेळी नोंदवलेल्या अशा जादा दोषांपैकी सुमारे ८० टक्के दुसऱ्या वेळी अहवालात आलेच नाहीत. २००८ साली शिकागोत रेडिओलॉजिस्टांच्या वार्षिक परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले आणि जगभर बातमी झाली.

हा ८० टक्क्यांचा आकडा आजही व्याख्यानांतून फिरतो, पण तो जरा जपूनच वापरावा. ज्या स्कॅनमध्ये आधी काही सापडले होते नेमके तेच पुन्हा दाखवले, तर दुसऱ्या वेळी संख्या घटण्याकडेच कल राहणार; फोटो असो वा नसो. एकच डॉक्टर एकच स्कॅन दोन वेगळ्या दिवशी वेगळा वाचतो, हे या शाखेत सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा चेहरा दिसला की डोळे तीक्ष्ण होतात, हे या अभ्यासाने सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. रुग्णाचा चेहरा समोर नसणे ही उपचारातली एक उणीव असू शकते, आणि ती मोजून पाहता येते, हे मात्र त्यामुळे पहिल्यांदाच अनेकांच्या लक्षात आले.

फोटोचा जास्त भक्कम पुरावा मिळाला तो वेगळ्याच कामात. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात संगणकातल्या नोंदीवर रुग्णाचा फोटो लावला गेला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की ज्यांचा फोटो होता त्यांच्या बाबतीत एकाचे औषध किंवा तपासणी दुसऱ्याच्या नावावर टाकण्याची चूक ३५ टक्क्यांनी कमी झाली. ही आत्मीयता नव्हे, निव्वळ ओळख पटणे आहे. पण आपल्या वॉर्डांत तेही थोडके नाही. खाट बदलली की नंबर बदलतो. शेजारी शेजारी दोन सुनीता असतात, दोघींचे आडनावही कधी तेच असते, आणि रात्रीच्या पाळीला एक सिस्टर सगळा वॉर्ड सांभाळते. रक्ताची पिशवी कोणाला लावायची हे तिथे नंबरवरून ठरणे किती धोक्याचे आहे, ते वॉर्डात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

वैद्यकाने कॅमेरा हातात घेतला तो छायाचित्रकला जेमतेम रांगायला लागली होती तेव्हाच. १८५०च्या दशकात इंग्लंडमधल्या सरे परगण्याच्या मनोरुग्णालयात डॉ. ह्यू वेल्च डायमंड यांनी तिथल्या स्त्री रुग्णांचे फोटो काढले आणि १८५६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांचे उपयोग मांडले. आजाराची नोंद राहते. रुग्ण पुन्हा दाखल झाला तर ओळख पटते. आणि रुग्णाला स्वतःचाच चेहरा दाखवला तर त्याचा त्याच्यावर चांगला परिणाम होतो. पहिले दोन उपयोग वैद्यकाने उचलले. तिसरा मागे पडला. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या काळात ‘हिस्टेरिया’ झालेल्या स्त्रियांच्या छायाचित्रांचे खंडच्या खंड निघाले. त्या स्त्रियांना ते पाहायचे होते का, असे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

भारतात वैद्यक शिकलेल्या पिढ्यांनी हाच वारसा पुस्तकांतून पाहिला आहे. भिंतीशी उभा केलेला, कपडे उतरवलेला माणूस आणि त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी. कुष्ठरोगाच्या धड्यात तर हमखास. पट्टी रुग्णाची ओळख लपावी म्हणून असते, पण ओळखीच्या माणसाला तो पट्टीसकट ओळखू येतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही डोळे झाकणे पुरेसे नाही असे स्पष्ट सांगून ठेवले आहे. पट्टीने एकच काम चोख होते. पाहणाऱ्याला रुग्णाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी आजाराचा पहिला चेहरा पाहतो तो असा, डोळे नसलेला.

न्यूयॉर्कमधले फॅशन छायाचित्रकार रिक गुइडोटी यांना हीच गोष्ट खटकली. १९९७ मध्ये त्यांनी बसथांब्यावर उभी असलेली, पांढऱ्या केसांची, अल्बिनिझम असलेली एक मुलगी पाहिली. आपल्याकडे अशा त्वचेला कोड समजून टाकतात. प्रत्यक्षात जन्मापासून रंगद्रव्यच नसते. गुइडोटी यांना ती सुंदर दिसली. त्यांनी वैद्यकाची पुस्तके चाळली तर तिथे होते ते काळ्या पट्ट्यांचे फोटो. मग त्यांनी अल्बिनिझम असलेल्यांच्या संघटनेशी संपर्क साधला आणि अशा मुलामुलींचे फोटो काढले, जसे मॉडेलचे काढतात तसे. पहिली मुलगी आली ती खांदे पाडून, मान खाली घालून. गुइडोटी यांनी तिच्यासमोर आरसा धरला. जून १९९८ मध्ये ‘लाइफ’ मासिकात हे फोटो आले. त्यांनी स्थापन केलेली ‘पॉझिटिव्ह एक्स्पोजर’ ही संस्था आज जनुकीय आजार असलेल्यांच्या अशा छायाचित्रांतून वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम करते. आजाराची लक्षणे त्या फोटोंतही दिसतातच. फक्त लक्षणांच्या मागे कोणीतरी हसत असते.

रुग्णाचा चेहरा डॉक्टरला दिसावा, हा झाला अर्धा भाग. डॉक्टरचा चेहरा रुग्णाला दिसतो का?

२०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. या साथीत ११ हजारांहून अधिक माणसे दगावली. उपचार केंद्रांत डॉक्टर आणि परिचारिका डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या, डोळ्यांवर गॉगल. रुग्णाला जवळ नातेवाईक नाही आणि समोर येणारे सगळे एकसारखे, चेहरा नसलेले. लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात कला शिकवणाऱ्या मेरी बेथ हेफर्नन यांनी बातम्यांमधले हे फोटो पाहिले आणि त्यांना अगदी साधा उपाय सुचला. प्रत्येक कर्मचाऱ्याचा हसरा फोटो काढायचा, चिकटणाऱ्या कागदावर छापायचा आणि पोशाख चढवला की छातीवर लावायचा. पोशाखाबरोबर तोही जाळायचा, दुसऱ्या दिवशी नवा. २०१५च्या सुरुवातीला कॅमेरा, प्रिंटर आणि कागद घेऊन त्या लायबेरियाची राजधानी मोनरोव्हियाला गेल्या. तिथल्या इबोला केंद्रातील डॉ. सोका मोझेस यांनी त्यांना साथ दिली. फोटो लावून आत गेलेल्या कर्मचाऱ्यांना रुग्ण ओळखू लागले. पोशाखाआड कोणता सहकारी आहे, हे कर्मचाऱ्यांनाही एकमेकांना विचारावे लागेना.

पाच वर्षांनी कोविड आला तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयाने हीच पद्धत उचलली. आपल्याकडे अनेक कोविड वॉर्डांत पीपीईवर मार्करने नाव लिहिले जाई. ते मुख्यतः सहकाऱ्यांच्या सोयीसाठी. ज्याला वाचता येत नाही, किंवा ज्याचा चष्मा गडबडीत घरी राहिला, त्या म्हाताऱ्याला ‘डॉ. पाटील’ या अक्षरांतून काय दिसणार होते? अनेकांनी शेवटच्या दिवसांत एकही उघडा चेहरा पाहिला नाही. त्या काळाचे जे हिशेब अजून कोणी मांडलेले नाहीत, त्यात हाही एक आहे.

मास्क किती दुरावा आणतो, हे कोविडच्या बरेच आधी तपासले गेले होते. हाँगकाँगच्या सार्वजनिक दवाखान्यांत १,०३० रुग्णांवर झालेला हा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना मास्क लावलेल्या डॉक्टरांनी तपासले, निम्म्यांना मास्क न लावता. मास्कवाल्या डॉक्टरांना आपल्याविषयी आस्था कमी वाटते, असे रुग्णांनी नोंदवले. फरक मोठा नव्हता, पण होता. आणि डॉक्टर जुन्या ओळखीचा असेल तिथे तो जास्त जाणवला. कोविड गेला तरी मास्क सगळीकडून गेला नाही. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात किंवा कोणत्याही जिल्ह्याच्या क्षयरोग वॉर्डात तो बारमाही आहे आणि असायलाच हवा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा रुग्ण महिनोन्महिने उपचार घेतो, उलट्या होतात, कान वाजतात, घरचे येईनासे होतात, आणि ‘गोळ्या सोडू नका’ असे सांगणाऱ्याचे नाक-तोंड त्याने कधी पाहिलेले नसते. या वॉर्डात एप्रनच्या खिशावर पंजाएवढा फोटो लावायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. गळ्यातल्या ओळखपत्रावरचा टपाल तिकिटाएवढा, पाच वर्षांपूर्वीचा, गंभीर चेहऱ्याचा फोटो त्या कामाचा नाही.

रुग्णांच्या फोटोंचे तसे नाही. तिथे अडचणी खऱ्या आहेत आणि कॅमेऱ्याच्या उत्साहात त्या विसरल्या जातात. पहिली संमतीची. मोफत उपचार घेणारा माणूस डॉक्टरला नाही म्हणत नाही. ‘काढा की साहेब’ या तीन शब्दांना संमती समजणे ही स्वतःची सोय आहे. एखादी भाजलेली बाई, मानसोपचार वॉर्डातला मुलगा, एचआयव्हीचा रुग्ण यांचा चेहरा चुकीच्या मोबाइलवर गेला तर काय होते, हे गावात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीविना माध्यमांना देता येत नाही. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेतही ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये असे म्हटले आहे. पण तीच आचारसंहिता, ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही असेही सांगते, आणि काळी पट्टी नेमकी त्या फटीतून आत शिरते. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे म्हणजे प्रसिद्ध करणे की नाही, याची चर्चा तर विभागप्रमुखांच्या खोलीत क्वचितच होते.

दुसरी अडचण अवघड आहे. चेहरा दिसला की माया वाटते, हे अर्धेच खरे. चेहऱ्याबरोबर कपडे दिसतात, कपाळ दिसते, दाढी दिसते, दारूने सुजलेले डोळे दिसतात. ज्या मनात पूर्वग्रह आहे त्याला फोटो तो पूर्वग्रह आठवून देईल. टर्नर यांच्यापुढचा स्कॅन निदान सगळ्यांचा सारखाच काळा-पांढरा होता. म्हणून पासपोर्टसारखा फोटो फाइलला डकवला की डॉक्टर सहृदय होतील, ही अपेक्षा भाबडी आहे. आणि पन्नास रुग्णांमागे एक निवासी डॉक्टर, सिस्टरांची पदे रिकामी, अशा वॉर्डात सहृदयतेचे पोस्टर लावून प्रशासनाला सुटका करून घेता येणार नाही. थकलेला माणूस कोणाच्याच चेहऱ्याकडे बघत नाही. त्याला आधी झोप हवी.

तरीही चांगला फोटो काढताना एक गोष्ट टाळता येत नाही. समोरच्याशी बोलावे लागते. कसे बसायचे, खिडकीकडे तोंड करायचे का, डोक्यावरून पदर घ्यायचा की नाही, चष्मा ठेवायचा का, मुलगा येईपर्यंत थांबायचे का, हे सगळे विचारावे लागते, आणि रुग्णालयात प्रथमच रुग्ण ठरवतो आणि डॉक्टर ऐकतो. जखमेचा फोटो काढायला हे काही लागत नाही. दोन्ही फोटोंतला खरा फरक काढण्यापूर्वीच्या त्या दहा मिनिटांत आहे. त्या दहा मिनिटांत कळते, की चौदा नंबर ऊसतोडीला जातो, त्याची मुकादमाकडून घेतलेली उचल अजून फिटलेली नाही, आणि दोन दिवसांनी तो ‘घरी सोडा’ म्हणून हट्ट करणार आहे. कारण कळले नाही, तर केस पेपरवर त्याच्या सहीने ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध गेला’ एवढेच लिहिले जाईल. गळू अर्धवट राहील आणि महिन्याने तो पुन्हा येईल, कदाचित पोटात फुटलेले गळू घेऊन.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा विषय ‘एटकॉम’ या नावाने सक्तीचा झाला आहे. अनेक महाविद्यालयांत तो व्याख्यान, गटचर्चा आणि वहीतली सही यांत उरकतो. त्याच तासांतून एक काम सहज देता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने, निदान आठवडाभर दाखल असणाऱ्या एका रुग्णाशी ओळख करून घ्यावी. तो हो म्हणाला तर, त्याला हवा तसा, चेहऱ्याचा एक फोटो काढावा. नाही म्हणाला तर तेही लिहून द्यावे. नकार मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत, उलट रुग्णाला त्याच्यापुढे नाही म्हणता आले याचे द्यावेत. फोटो विभागाच्या कॅमेऱ्यावर काढावा, विद्यार्थ्याच्या मोबाइलवर नव्हे. त्यावर आजाराचे नाव नसावे. तो केस पेपरच्या पहिल्या पानाआड राहावा, म्हणजे राउंडला फाइल उघडली की आधी तो दिसेल, मग रिपोर्ट. डायलिसिस, कर्करोग, सिकलसेल अशा वारंवार येणाऱ्या रुग्णांपासून सुरुवात केली तर वर्षभरात काही फरक पडतो का, हे मोजूनही पाहता येईल. रक्ताच्या पिशव्यांची अदलाबदल, सल्ल्याविरुद्ध निघून जाणे, रुग्णाच्या तक्रारी, या सगळ्यांच्या नोंदी रुग्णालयात असतातच.

आणि फोटोची एक प्रत रुग्णाला द्यावी. तिचा खर्च सलाइनच्या एका बाटलीहून जास्त नाही. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या कित्येक घरांत म्हाताऱ्या माणसाचा धड असा एकही फोटो नसतो. माणूस गेल्यावर भिंतीवर हार घालून लावतात तो आधार कार्डावरचा, नाहीतर पुतणीच्या लग्नातल्या गर्दीतून कापून मोठा केलेला, धुरकट. तेव्हा घरी सोडताना केस पेपरमधली ती प्रतही काढून त्याच्याच हाती द्यावी. फाइल रेकॉर्ड रूममध्ये जाईल. तिथे त्या फोटोचे काही काम नाही.